रामबागेतल्या भिंतीवरचा समुद्रपंखा

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आत्याकडे इंदूरच्या रामबागेत हळदीकुंकवाला गेले होते. देवघरापाशी नमस्काराला वाकले आणि मान वर करताना भिंतीवर नजर गेली. जिथं पूर्वी आजोबांचा फोटो असायचा, तिथं आता काचेची चौकट होती. आत लाल मखमलीवर हातभर रुंद काळपट जाळी. वहीत ठेवलेल्या पिंपळपानाच्या नुसत्या शिरा उरतात ना, तशी. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: ‘सिद्ध महाइंद्रजाल’.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. ही जाळी मी पहिल्यांदा पाहिली ती बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात. स्पॉटिंगच्या टेबलावर ती मांडलेली असायची आणि दोन मिनिटांत आम्ही वहीत लिहून मोकळ्या व्हायचो: गॉर्गोनिया, संघ सिलेंटराटा, सामान्य नाव सी फॅन. त्यामुळे ओळखायला क्षणही लागला नाही. पटायला मात्र वेळ लागला. समुद्राच्या तळाशी खडकाला धरून वाढणारी प्राण्यांची वसाहत इथं माळव्याच्या पठारावर, आमच्याच घरात, समईच्या उजेडात टांगलेली होती.

त्या चौकटीचं पुढं काय झालं, ते इथं लिहिते आहे. घरातल्या कोणाचं नाव देत नाही, दुकानाचंही नाही.

चौकट घरात कशी आली

दोन वर्षांपूर्वी आतेभावाची कापड मार्केटमधली भागीदारी मोडली. त्याच सुमाराला त्याला काविळीनं गाठलं. सहा महिने घरात पैसा नाही, माणूस अंथरुणाला. आत्या रोज खजराण्याच्या गणपतीला जायची. तिथं भेटणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की घराला दृष्ट लागली आहे, इंद्रजाल लावा. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत पूजासाहित्याचं एक दुकान आहे. आत्या तिथूनच वर्षानुवर्षं कापूर-वाती आणते. दुकानदारानं एकवीसशे रुपये घेतले आणि सांगितलं, ‘समुद्र की जडीबुटी है, अम्माजी, इसे सूखने का डर नहीं.’

कावीळ औषधानं आणि पथ्यानं उतरली, भावानं नवं काम धरलं. आत्याच्या लेखी श्रेय कुणाचं, हे सांगायला नको. त्यात हसण्यासारखं काही नाही. मुलगा खाटेवर पडलेला असताना माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं, आणि मी तिला अडवलं असतं असं मला वाटत नाही.

दुकानदाराचा ‘जडीबुटी’ हा शब्द तेवढा इथं लक्षात ठेवायचा.

वस्तू काय होती

बाजारात इंद्रजाल या एकाच नावाखाली दोन वेगळे प्राणी विकले जातात. एक समुद्रपंखा, म्हणजे गॉर्गोनियन. दुसरं काळं प्रवाळ, अँटिपाथेरिया गणातलं. दोन्ही दिसायला झाडासारखी, आणि दोन्ही वनस्पती नव्हेत. फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो, हजारो जीव शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यांना पॉलिप म्हणतात. समुद्रपंख्याच्या पॉलिपला आठ इवलाले हात असतात, काळ्या प्रवाळाच्या पॉलिपला सहा. पंख्याचा कणा गॉर्गोनिन नावाच्या शिंगासारख्या चिवट प्रथिनाचा असतो आणि त्यावर जिवंत साल, तिच्यात चुन्याचे सूक्ष्म कण. नेमकी जात ठरवायची तर सूक्ष्मदर्शकाखाली या कणांचे आकार पाहावे लागतात. काळ्या प्रवाळाच्या सांगाड्यावर बारीक काटे असतात. आत्याच्या चौकटीतल्या जाळीवर काटे नव्हते, आणि एका कोपऱ्यात विटकरी सालीचे पापुद्रे चिकटून राहिले होते. समुद्रपंखाच.

हा पंखा प्रवाहाला आडवा वाढतो, मासेमारीचं जाळं लावावं तसा. पाणी त्यातून वाहतं आणि पॉलिप आपल्या हातांनी त्यातले तरंगते सूक्ष्म जीव टिपतात. जागा सोडून जायची सोय नसल्यानं जे वाहून येईल त्यावर सगळ्या वसाहतीचं पोट. बदल्यात हा पंखा इतरांना आसरा देतो. ठिसूळ तारामासे त्याला वेटोळे घालून बसतात, बारीक गोबी मासे त्यावर अंडी घालतात, काही गोगलगायी त्याच्या अंगावरच जन्म काढतात. सपाट तळावर असा एक पंखा म्हणजे उजाड माळावरचं एकुलतं वडाचं झाड.

वाढीचा वेग जातीप्रमाणे बदलतो. काही जाती वर्षाला दोन-चार सेंटिमीटर उंची धरतात, काहींची वाढ मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो. हवाई बेटांजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय ४,२६५ वर्षं निघालं. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ती वसाहत खडकावर रुजली तेव्हा सिंधू खोऱ्यातली नगरं नांदती होती. असं काही कापून चौकटीत बसवलेलं मी नुसतं मनात आणलं तरी घशाशी येतं.

पहिला प्रयत्न फसला

त्या दिवशी बायका गेल्यावर मी आत्याला कायदा सांगितला. ही माझी चूक. समुद्रपंखे, काळी प्रवाळं आणि खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ती बाळगणं, विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. मी शिक्षिकेच्या थाटात हे सगळं सांगून टाकलं.

आत्याचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “अगं, मी काय चोरी केली का? भर बाजारातून आणलंय, पावती आहे माझ्याकडे.” मग दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. तो चिडला होता, पण चिडण्यापेक्षा घाबरला जास्त होता. “ताई, तू आईला नुसतं रडवलंस. आता आम्ही ते काढून टाकतो, विषय संपला.”

काढून टाकायचं म्हणजे काय करायचं, यावर घरात पुढचे आठ दिवस खल चालला. वहिनीचं म्हणणं, नर्मदेवर ओंकारेश्वरला जाऊन विसर्जन करावं, देवाचं आहे ते देवाला. भाऊ म्हणाला, कचरागाडीत देऊ. इंदूरच्या सवयीप्रमाणे त्यानं विचारलंसुद्धा, ओल्यात की सुक्यात? काकांचा सल्ला, आता ते मेलेलंच आहे, राहू द्या, फक्त बाहेरच्या खोलीतून आत न्या. आणि मी? माझ्याही मनात एक मोह होता. आमच्या प्रयोगशाळेतला जुना नमुना झिजून गेला आहे. हा तिथं ठेवला तर पोरांना शिकवायला होईल, असं मला दोन दिवस वाटत राहिलं. पण परवानगीशिवाय तो तिथं नेणं म्हणजे एका बेकायदा भिंतीवरून दुसऱ्या बेकायदा कपाटात नेणं. आणि जे घरात चालणार नाही ते प्रयोगशाळेत चालतं, हे विद्यार्थ्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

विसर्जनाच्या कल्पनेवर मी बराच विचार केला, कारण तिच्यात भक्ती होती. आमच्या शहराचं पाणी असं आहे: नळाला येतं ती जलूदहून पंपानं चढवलेली नर्मदा. इथं आली नसती तर ती खंभातच्या आखाताला मिळाली असती. घराघरांतून वापरून झाली की ती कान्ह नदीत पडते, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून शिप्रेला, तिथून चंबळ, यमुना, गंगा असं करत थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे अरबी समुद्राच्या वाटेवरचं पाणी आम्ही उचलतो आणि वापरून दुसऱ्या समुद्राला पाठवतो. समुद्राशी आमचा संबंध नाही असं इंदूरच्या माणसानं म्हणू नये. पण नर्मदेत सोडलेला वाळका सांगाडा समुद्राला जाऊन जिवंत होत नाही. विसर्जनानं फक्त पुरावा जातो, आणि गल्लीतल्या दुकानात नवी चौकट तशीच राहते.

भिंग

दुसऱ्यांदा गेले ती भिंग घेऊन. कायद्याचा शब्द काढला नाही. आत्याला म्हटलं, “चौकट खाली काढ, तुला एक दाखवायचंय.” तिनं आधी हात धुतले, नमस्कार केला, मग काढली. काच बाजूला करून त्या विटकरी पापुद्र्यावर भिंग धरलं. सालीवर ओळीनं बारीक भोकं होती. “ही एकेकाची खोली,” मी म्हटलं. “प्रत्येकीत एक जीव राहत होता. आठ हातांचा.”

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे झाड नाही?”

“नाही. हे सगळं मिळून एक कुटुंब होतं.”

मग मी तिला पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाजवळच्या समुद्रघोड्याची गोष्ट सांगितली. १९६९ मध्ये तिथल्या नूमेआ शहरातल्या मत्स्यालयासाठी ज्यॉर्ज बार्जिबां यांनी एक समुद्रपंखा काढून आणला. टेबलावर ठेवल्यावर त्यांना दिसलं की त्याच्या फांदीला शेपटीनं घट्ट धरून बोटभरसुद्धा नसलेले दोन समुद्रघोडे बसले आहेत. अंगावरच्या गाठी थेट पंख्याच्या मिटलेल्या पॉलिपसारख्या, रंगही तोच. तोवर ही जात विज्ञानाला माहीतच नव्हती. पुढच्या वर्षी तिला बार्जिबां यांचं नाव मिळालं. पूर्ण वाढलेला हा घोडा जेमतेम दोन सेंटिमीटरचा, आणि जन्मभर एकाच पंख्यावर राहतो. मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा आत्यानं बोटानं तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “मग याच्यावर बसणारे कुठं गेले असतील?”

उत्तर तिला कळलंच होतं.

आणखी एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली, कारण तिला आपण मूर्ख ठरलो असं वाटू नये. काळ्या प्रवाळाचं शास्त्रीय नाव अँटिपाथीस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘पीडेच्या विरुद्ध’. तिकडेही माणसं हे ताईत म्हणून जवळ बाळगायची. तांबड्या समुद्राच्या काठी त्याच्या जपमाळा करतात, त्याला युस्र म्हणतात. दूरदूरच्या माणसांना एकाच काळ्या फांदीत रक्षण दिसावं, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. आत्या म्हणाली, “सगळ्या आयांना सारखीच भीती असते गं.” मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं: “पण मेलेल्या जिवाचं कलेवर मी दोन वर्षं देवाच्या डोक्यावर लावलं.”

कायद्यानं जे झालं नाही ते एका भिंगानं झालं. आत्याला पर्यावरण पटवून द्यावं लागलंच नाही. जीव म्हणजे काय आणि देवघरात काय चालतं, हे तिचं तिला माहीत होतं. तिला चुकीची माहिती दिली गेली होती, एवढंच. ‘जडीबुटी’ या एका शब्दावर हा सगळा धंदा उभा आहे. त्याच दुकानात ‘हत्था जोडी’ नावाची मुळी मिळते. ती मुळी नसून घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, तीही संरक्षित. जी बाई श्रावणात वांगंसुद्धा शिजवत नाही तिला हे वनस्पती म्हणून विकलं जातं, याचा मला अतोनात राग येतो.

समुद्राकडची बाजू

अशी जाळी येते कुठून? आपल्याकडे समुद्रपंखे मन्नारच्या आखातात, अंदमान-निकोबारला, लक्षद्वीपला आहेत. मन्नारमध्ये रामेश्वरम ते थूथुकुडीच्या दरम्यानची २१ बेटं १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहेत. काही पंखे पाणबुडे मुद्दाम तोडून आणतात. पुष्कळसे तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत येतात. जाळ्याचा जड खालचा दोर तळावरून ओढत नेला की जे उभं असेल ते आडवं होतं. कोळ्याला हवी असते कोळंबी. पंखा जाळ्यात अडकून वर येतो आणि कुणी गिऱ्हाईक असेल तर किनाऱ्यावर वाळत घातला जातो. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीला त्याचा उपयोग आहे. पण हातभर पंखा वाढायला वर्षं लागतात, त्याला ६१ दिवसांची उसंत पुरत नाही. त्याला लागते कायमची न खरवडली जाणारी जागा.

जाळ्यात आलेला प्रत्येक पंखा मेलेला नसतो, ही या प्रकरणातली मला सर्वांत जवळची गोष्ट आहे. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात काप दे क्रेउसपाशी बार्सिलोनाच्या सागरविज्ञान संस्थेच्या लोकांनी छोट्या होड्यांतल्या कोळ्यांना सोबत घेतलं. जाळ्यातून आलेले जिवंत पंखे कोळी फेकून न देता पाण्याच्या टाकीत ठेवायचे. संशोधक ते गोट्यांवर चिकटवायचे आणि होडीतूनच पुन्हा समुद्रात सोडायचे. खाली जड गोटा, वर पसरलेला पंखा. बॅडमिंटनचं फूल जसं नेहमी बूच खाली करून पडतं, तसा तो सरळ उभाच तळाला टेकतो. या पद्धतीला त्यांनी नावच बॅडमिंटन दिलं. खोल पाण्यात पाणबुडे उतरवण्याचा खर्च नाही, आणि बहुतेक पंखे सरळ उभे राहिलेले आढळले. आपल्याकडे मन्नारमध्ये थूथुकुडीची सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्था २००२ पासून कठीण प्रवाळांचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून पुन्हा रुजवते आहे. रामबागेतला पंखा ज्या होडीवर वर आला, तिथं पाण्याची एक टाकी आणि चार गोटे असते तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

वन विभागात

कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे अशी वस्तू सरकारची मालमत्ता असते आणि ती हाती आल्यापासून ४८ तासांत पोलिसांना किंवा अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आत्याकडे ती दोन वर्षं होती. भावाच्या भीतीला आधार होता, हे मी मान्य करते. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की हमी कुणी देणार नाही, पण स्वतःहून, लेखी, खरं खरं लिहून द्या आणि प्रत जपून ठेवा. निर्णय आत्याचा होता आणि तिनं तो घेतला. आवेदन तिनं स्वतःच्या हातानं हिंदीत लिहिलं: कधी, किती रुपयांना, काय समजून घेतलं, आणि आता काय कळलं.

कार्यालयात आम्ही दोघी साडेतीन तास बसलो. एका खोलीतून दुसरीत पाठवलं गेलं. कुणी उद्धट नव्हतं. बिबट्याचं कातडं, खवल्या मांजर, कासव यांची त्यांना सवय आहे, समुद्रातलं काही त्यांच्या टेबलावर येत नाही. शेवटी एका तरुण अधिकाऱ्यानं फोटो काढले, आत्याचा जबाब घेतला आणि लिपिकाला पंचनामा लिहायला सांगितला. लिपिकानं वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, ‘जड़ी (इंद्रजाल), एक नग.’

आत्यानं चष्मा लावून वाचलं आणि कागद परत सरकवला. “भैया, जड़ी नहीं है. जीव है. जीव लिखो.” लिपिकानं अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानं मान हलवली. शब्द खोडला गेला, शेजारी सही झाली आणि लिहिलं गेलं: ‘मृत समुद्री जीव.’

आत्यावर गुन्हा दाखल झाला नाही. म्हणून प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. ते त्या अधिकाऱ्याच्या विवेकावर गेलं. लोकांनी स्वतःहून आणून द्यावं असं वाटत असेल तर न जाणता घेतलेल्यांसाठी ठरावीक मुदतीची, भीती न घालणारी सोय हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर लोक कान्हच्या पुलावरूनच फेकतील.

दुकान

जबाबात दुकानाचं नाव विचारलं तेव्हा आत्या अडली. तीस वर्षांची ओळख, त्याच्या मुलीच्या लग्नाला आहेर केलेला. तिनं गल्ली सांगितली, नाव सांगितलं नाही. तिथं माझं आणि तिचं जुळलं नाही, अजूनही जुळत नाही. पुरवठा तुटल्याशिवाय समुद्राला काही मिळत नाही. एक आत्या बदलली तरी पंखा तिथं खाली परत उगवत नाही.

मी एकटीच दुकानात गेले. दुकानदार माझं बोलणं शांतपणे ऐकत होता. त्याचाही समज खरोखर जडीबुटीचाच होता, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. माल पार्सलनं येतो, पाठवणाऱ्याला त्यानं कधी पाहिलेलं नाही. कायद्याची कलमं मी त्याला छापून दिली आणि मोबाईलवर भोकांचे फोटो दाखवले. त्यानं समोरच्या तीन चौकटी उतरवल्या. महिन्याभरानं गेले तेव्हा भिंतीवर काही नव्हतं. पण माझ्यासमोरच एका गिऱ्हाईकानं हलक्या आवाजात विचारलं आणि दुकानदारानं माझ्याकडे बघून ‘अभी नहीं है’ म्हटलं. त्या ‘अभी’चा अर्थ मला कळला. त्या संध्याकाळी मीच दुकानाच्या नावासकट लेखी तक्रार दिली. आत्याला तसं सांगितलं, लपवलं नाही. ती दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

मग चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, भिंग घेऊन ये. लोकमान्य नगरातल्या तिच्या दोन मैत्रिणींकडे अशाच चौकटी आहेत. एकीचा नातू सारखा आजारी असतो. तिच्याकडे आधी जायचं ठरलं आहे, आणि कायद्याचं मी नंतर बोलायचं, आधी आत्या बोलणार आहे.